आत किती आल्या आणि नर्स होऊन किती बाहेर पडल्या?

ताई,
आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा आयटीत आहे, मी घरून अकाउंट्सचं अर्धवेळ काम करते. दोघांचं मिळून वर्षाला १ लाख ४० हजार डॉलर. थोरली यंदा बारावी संपवतेय आणि तिला नर्सिंगच करायचंय. रटगर्स या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण नर्सिंगला नाही, आर्ट्स अँड सायन्सेसला. घरापासून चाळीस मिनिटांवर एक लहान कॅथलिक विद्यापीठ आहे, त्यांनी मात्र पहिल्या वर्षापासून नर्सिंगची जागा दिली आहे. तिथली ट्युशन आणि फी ४४ हजार, डॉर्म म्हणजे वसतिगृह आणि जेवण १६ हजार. वर्षाला २३ हजारांची स्कॉलरशिप दिली आहे. त्यांच्या पत्रकात लिहिलंय की ९६ टक्के पदवीधर सहा महिन्यांत नोकरीला लागतात किंवा पुढे शिकतात. शिक्षणासाठी बचत करायच्या आमच्या ५२९ खात्यात ३० हजार आहेत. बाकीच्यासाठी नवरा म्हणतो घरावर कर्ज काढू. धाकटा आठवीत आहे. पुण्याहून सासूबाई विचारतात, अमेरिकेत जाऊन नर्सच व्हायचं का, आणि तेही मिशनऱ्यांच्या कॉलेजात? १ मेच्या आत कळवायचं आहे. काय करू?
— एडिसनची एक आई

प्रिय एडिसनच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद-पेन घेऊन बसले. याच राज्यातल्या एका कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या, खिडकीमागे मी अकरा वर्षं काम केलंय. तुमच्यासारखे आईवडील एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यायचे, हातात पत्रक आणि चेहऱ्यावर झोप नसल्याच्या खुणा. त्यामुळे आधी एक सांगते. ९६ टक्के आणि २३ हजार, हे दोन्ही आकडे बहुधा खरेच आहेत. फक्त ते विद्यापीठाच्या बाजूनं मोजलेले आहेत. तुम्हाला ते तुमच्या मुलीच्या बाजूनं पुन्हा मोजायचे आहेत.

९६ टक्क्यांपासून सुरुवात करू. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना कॉलेज एक प्रश्नावली पाठवतं, की आता काय करताय? समजा दोनशे मुलं पदवीधर झाली आणि त्यातल्या एकशे दहांचाच पत्ता लागला. त्यातली एकशे सहा नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात निघाली, की झाले ९६ टक्के. उरलेल्या नव्वदांचं काय झालं, ते कुणालाच माहीत नाही. ज्यांचा पत्ता लागला त्यांच्या प्रमाणाला इथे ‘नॉलेज रेट’ म्हणतात. ते प्रमाण विचारल्याशिवाय ९६ ला काही अर्थ नाही. शिवाय त्या एकशे सहांत कोण कोण आलं? पूर्णवेळ नोकरीवाले आले, दुकानात अर्धवेळ उभे राहणारे येऊ शकतात, वर्षभर सेवाकार्याला गेलेलेही येतात. कॅथलिक कॉलेजांतून असे सेवाकार्याला जाणारे बरेच असतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण कर्जाचा हप्ता त्यातून फिटत नाही.

तरी तुमच्या बाबतीत हा मोठा घोळ नाही. नर्सिंगची पदवी आणि परवाना हातात असलेल्या मुलीला न्यू जर्सीत काम मिळतं. देशभरात रजिस्टर्ड नर्सचा मध्यम पगार मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत वर्षाला ९३ हजार ६०० डॉलर होता. त्यामुळे पदवीनंतर काय होतं याची मला फार काळजी नाही. मला काळजी आहे पदवीच्या आधीची.

माझ्या खिडकीशी एकदा एक मुलगी आली होती, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. कॉलेज कोणतं ते महत्त्वाचं नाही. तिला फार्माकॉलॉजीत दुसऱ्यांदा कमी गुण पडले होते आणि नियमाप्रमाणे नर्सिंगमधून तिचं नाव कमी झालं होतं. तिला ‘हेल्थ सायन्सेस’च्या पदवीला घातलं होतं. फी तीच, स्कॉलरशिप तीच, कर्ज तेच, पण शेवटी परवान्याची परीक्षा नाही. तिचा बाप ट्रक चालवायचा. तो मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “म्हणजे आता ती नर्स नाही होणार?” पुढे ती रीतसर पदवीधर झाली. कॉलेजच्या पदवीधरांच्या टक्क्यात तिची भर पडली. नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल मोजताना मात्र ती त्यात नव्हतीच, कारण परीक्षेपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. त्या वर्षी आमचा परीक्षेचा निकाल उत्तम लागला होता. तेव्हापासून परवान्याच्या परीक्षेचा नुसता टक्का कुणी सांगितला की मला तो बाप आठवतो.

एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. इथे शिकलेल्यांपैकी पहिल्या प्रयत्नात साधारण दहातले नऊ जण ती पास होतात. न्यू जर्सीचं नर्सिंग बोर्ड प्रत्येक कॉलेजचा निकाल जाहीर करतं, तो जरूर बघा, आणि एकाच वर्षाचा न बघता निदान चार-पाच वर्षांचा बघा. वर्गात चाळीसच मुली असतील तर दोघी-तिघी नापास झाल्या तरी टक्का खाली दिसतो. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पत्रकात कधीच नसतो, तो तुम्हाला विचारावा लागेल. चार-पाच वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला नर्सिंगमध्ये किती मुली आत आल्या, आणि त्यातल्या किती नर्सिंगची पदवी घेऊन, परीक्षा पास होऊन बाहेर पडल्या? शंभर आत आल्या असतील आणि पंचाऐंशी नर्स झाल्या असतील तर डोळे मिटून हो म्हणा. पंचावन्नच झाल्या असतील, तर परीक्षेचा निकाल शंभर टक्के असला तरी तुमच्या मुलीच्या दृष्टीनं तो शंभर टक्के नाही. लहान कॉलेजात हे सांगणं अवघड नसतं. विभागप्रमुखांना मुलींची नावंसुद्धा पाठ असतात. ते आकडा द्यायला टाळाटाळ करू लागले, तर तेही एक उत्तरच समजा.

याबरोबर ‘प्रोग्रेशन’चा नियमही लेखी मागा, म्हणजे कोणत्या विषयात किती गुण हवेत, एक विषय किती वेळा पुन्हा घेता येतो, आणि नर्सिंगमधून बाहेर पडावं लागलं तर स्कॉलरशिपचं काय होतं. स्कॉलरशिप टिकवायला बहुधा सरासरी ग्रेडची अट असते. नर्सिंगमध्ये शरीरशास्त्राच्या वर्षाला चांगल्या चांगल्या मुलींची सरासरी घसरते, आणि ‘बी’ ग्रेडच्या दुःखात भर म्हणून वर्षाच्या २३ हजारांवर पाणी सोडावं लागलं तर घर हादरतं.

सरकारचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ म्हणून संकेतस्थळ आहे, ते तुमच्या नवऱ्याला उघडायला सांगा. तिथे कॉलेजात शिरलेल्यांपैकी किती जण पदवी पूर्ण करतात, कर्ज किती होतं आणि नंतर कमाई किती होते, हे सगळं मिळतं. पण सबंध कॉलेजचा कमाईचा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्यात इतिहासवाले, बिझनेसवाले, अर्धवट सोडून गेलेले, सगळे येतात. ‘रजिस्टर्ड नर्सिंग’ या विषयाची ओळ शोधा. लहान कॉलेजात बऱ्याच विषयांपुढे रकाना रिकामा असतो, कारण मुलं इतकी थोडी असतात की सरकार त्यांची माहिती उघड करत नाही. नर्सिंगचा रकाना सहसा भरलेला असतो, कारण अशा विद्यापीठांचा तोच मोठा विभाग असतो.

आता पैसे. तुम्ही मनात हिशोब केला असेल: ४४ उणे २३, म्हणजे २१, त्यात डॉर्मचे १६ मिळवले की ३७, चार वर्षांचे १ लाख ४८ हजार. पण ट्युशन दरवर्षी वाढते आणि स्कॉलरशिप तिथेच उभी राहते. दरसाल चार टक्के वाढ धरली तर चार वर्षांची ट्युशन आणि फी होते १ लाख ८६ हजार ८००. त्यातून स्कॉलरशिपचे ९२ हजार वजा केले की उरतात जवळजवळ ९४ हजार ८००. डॉर्म आणि जेवण त्याच चालीनं वाढलं तर आणखी ६८ हजार. एकूण १ लाख ६२ हजारांच्या पुढे. म्हणजे तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा जवळजवळ १५ हजार जास्त. शिवाय युनिफॉर्म, लॅबची वेगळी फी, परीक्षेच्या तयारीचे ऑनलाइन संच, आणि पहाटे साडेपाचला क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णांजवळच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी, कुठल्या तरी हॉस्पिटलला पोहोचायला गाडी. हे कुठल्याही नर्सिंग कॉलेजात लागतंच, पण पत्रात छापत नाहीत.

त्या २३ हजारांबद्दलही थोडं बोलते, तुमच्या मुलीची गुणवत्ता कमी लेखायचा हेतू नाही. देशभरातली खासगी, ना-नफा तत्त्वावरची कॉलेजं नव्यानं येणाऱ्या मुलांना छापील ट्युशनवर सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. ४४ वर २३ म्हणजे साधारण ५२ टक्के. हा मान तिचा आहेच, पण तो नेहमीचा भावही आहे. त्यामुळे अजून मागायला जागा आहे, आणि मागण्यात लाज नाही. आपल्याकडच्या माणसांना इथे भीड पडते. शिक्षणाच्या दारात पैशाची घासाघीस कशी करायची, असं वाटतं. माझ्या खिडकीशी अपील घेऊन येणाऱ्यांत मराठी आईवडील जवळजवळ नसतच, आणि याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं. अपील म्हणजे सूट वाढवून मागणारं एका पानाचं पत्र. रटगर्सची ट्युशन आणि फी राज्यातल्या मुलांना १८ हजारांच्या आसपास पडते, ते प्रवेशपत्र सोबत जोडा. धाकटा चार वर्षांनी कॉलेजला जाईल, म्हणजे थोरलीची फी संपते न संपते तोच त्याची सुरू होईल, हे लिहा. वर्षाला चार-पाच हजारांची वाढ मागा, आणि स्कॉलरशिप ट्युशनबरोबर वाढेल का, हेही विचारा. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरला नसेल तर आजच भरा. उत्पन्न जास्त आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण मुलीच्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज उत्पन्नावर अवलंबून नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार की इतकं लहान विद्यापीठ इतकं महाग कसं? अमेरिकेत कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं दोनशेच्या वर आहेत आणि त्यातली कितीतरी नन्सनी काढलेली आहेत. मुलींना उच्च शिक्षणाची दारं फारशी उघडी नव्हती, त्या काळात. या बायका शिकवायच्या, वसतिगृह बघायच्या, स्वयंपाकघर आणि हिशोबही बघायच्या, जवळजवळ बिनपगारी. मोठ्या विद्यापीठांकडे देणगीच्या राशी होत्या, यांच्याकडे त्या बायकांचे कष्ट होते, तेच त्यांचं भांडवल. १९६५ च्या सुमारास या देशात १ लाख ८० हजारांच्या आसपास नन्स होत्या, आता ४० हजारांहूनही कमी आहेत. त्यांच्या जागी पगारी प्राध्यापक आले, आणि तो पगार मुलांच्या फीतून निघतो. भरीला २००८ नंतर इथे जन्माचं प्रमाण घटलं, त्यामुळे बारावी होणाऱ्या मुलांची संख्याच आता उतरणीला लागली आहे. अशा विद्यापीठांना एकेका विद्यार्थ्याची गरज आहे. म्हणूनच सूट मिळते, आणि म्हणूनच एक धोकाही आहे.

तो धोका बंद पडण्याचा. मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं. एप्रिलमध्ये जाहीर केलं आणि मेमध्ये दारं मिटली. फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी आणि ऑल्बनीचं कॉलेज ऑफ सेंट रोज २०२४ मध्ये गेलं, सेंट लुईसचं फाँटबॉन २०२५ मध्ये. सगळी कॅथलिक, सगळी लहान. सेंट रोज तर शंभर वर्षांहून जुनं होतं. तुमचं विद्यापीठ त्यांच्यासारखंच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. नर्सिंग चांगलं चालणारी लहान विद्यापीठं अनेकदा तग धरून असतात. पण कॉलेज बंद पडलं की नर्सिंगच्या मुलीचे हाल इतरांपेक्षा जास्त होतात. क्लिनिकलचे तास आणि नर्सिंगचे विषय दुसरीकडे जसेच्या तसे धरले जातीलच असं नसतं. म्हणून सरकारच्याच ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांची विद्यार्थिसंख्या बघा, ती दरवर्षी ओसरतेय का? मान्यता देणाऱ्या ‘मिडल स्टेट्स’ कमिशनच्या संकेतस्थळावर विद्यापीठाच्या नावापुढे इशारा किंवा प्रोबेशन लागलेलं आहे का? आणि केंद्रीय शिक्षण खातं खासगी कॉलेजांच्या आर्थिक तब्येतीला गुण देतं, तो दीडच्या खाली नाही ना? या तिन्ही गोष्टी एका संध्याकाळी बघून होतात.

सासूबाईंचा प्रश्न मी हलक्यानं घेत नाही. त्यांच्या तरुणपणी नर्स होणाऱ्या मुलीचं लग्न जमायला त्रास व्हायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. त्यांना पगाराचा आकडा सांगू नका. त्यांच्या मागच्या आजारपणात किंवा सासऱ्यांच्या वेळी रात्रभर उशाशी कोण होतं, ते आठवून द्या. आणि मिशनऱ्यांचं म्हणाल, तर मुंबईत १८६९ पासून जेझुइट्सचं सेंट झेवियर्स आहे आणि तिथे कितीतरी मराठी घरांतली मुलं शिकली. गावोगावच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आपल्याला पाढे शिकवले. कुणाचा देव्हारा हलला नाही. इथेही मुलीला धर्मशास्त्राचे किंवा तत्त्वज्ञानाचे एक-दोन विषय घ्यावे लागतील, अनेक ठिकाणी त्यात जगातल्या धर्मांचा अभ्यासही चालतो. ‘मास’ला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायची सक्ती सहसा नसते.

एक गोष्ट मात्र मुलीशी मोकळेपणानं बोला. कॅथलिक हॉस्पिटलं चर्चच्या वैद्यकीय नियमांनी बांधलेली असतात. गर्भनिरोध, नसबंदी, गर्भपात हे तिथे केलं जात नाही. तिची प्रसूतिविभागातली क्लिनिकल कोणत्या हॉस्पिटलांत होतील, आणि विद्यापीठाच्या दवाखान्यात मुलींना काय मिळतं आणि काय नाही, हे तिनं जाण्याआधी विचारावं. काही मुलींना याचं काही वाटत नाही, काहींना फार वाटतं. ते तिलाच ठरवू द्या.

आता माझं मत. रटगर्समध्ये आर्ट्स अँड सायन्सेसला घालून ‘पुढे नर्सिंगला बदली घेऊ’ या आशेवर बसू नका. तशी बदली खरंच मिळते का, हे नर्सिंग स्कूलकडून लेखी आलं तरच विचार करा. नाहीतर चार वर्षं दुसऱ्या पदवीची आणि मग नर्सिंगची वेगळी, असा खर्च दोनदा होईल. तिला नर्सच व्हायचं असेल तर नर्सिंगची जागा ही मोठी गोष्ट आहे, आणि लहान वर्गात तिच्याकडे लक्ष जाईल हेही खरं आहे. तुमच्या एडिसनच्याच मिडलसेक्स या कम्युनिटी कॉलेजातही नर्सिंग आहे. दोन वर्षांची पदवी, तोच परवाना, फी फारच कमी, आणि नोकरी करता करता पुढची पदवी. लोक कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाक मुरडतात, पण रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या नर्सला कुणी कॉलेज विचारत नाही. आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या मुलींचा आकडा त्या विद्यापीठाकडून वाईट आला, तर मी इकडेच वळेन.

आकडा चांगला आला तर विद्यापीठाला हो म्हणा, पण डॉर्मला नाही. चाळीस मिनिटं फार नाहीत. घरून जाऊन-येऊन केलं तर चार वर्षांचे ९४ हजार ८००. त्यातून ५२९ चे ३० हजार गेले. मुलीच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी साडेपाच, दुसऱ्या वर्षी साडेसहा आणि पुढची दोन वर्षं साडेसात-साडेसात हजार, असं एकूण २७ हजारांपर्यंत मिळतं. नर्सच्या पगारातून ते तिला झेपेल. तुमच्यावर उरले ३७ हजार ८००, म्हणजे महिन्याला आठशेच्या आत. अपीलानं वर्षाला चार हजार वाढवून मिळाले, तर महिन्याला साडेचारशेच्या आसपास. हे तुमच्या उत्पन्नात बसतं. डॉर्म घेतलं तर तुमच्या वाट्याला वर्षाला २६ हजारांहून जास्त येतात. सरकारी पालक-कर्जाला १ जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे, त्यामुळे तिथूनही ते भागणार नाही. मग घरावरच्या कर्जाचा विषय निघतो. तो काढू नका. धाकट्याला चार वर्षांनी हेच सगळं लागणार आहे, आणि तुम्हा दोघांचं म्हातारपण त्याच घरात जायचं आहे. पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहायची सक्ती तर नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या. काही ठिकाणी ठरावीक अंतराच्या आत राहणाऱ्यांना त्यातून सूट असते.

आणि हे सगळे प्रश्न विचारणारी मेल तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्यानं लिहू नका. तिच्या नावानं, तिच्या शब्दांत जाऊ दे, नर्सिंगच्या विभागप्रमुखांना एक आणि फायनान्शियल एडला एक. विद्यार्थिनीनं स्वतः विचारलेल्या प्रश्नाला आम्ही आधी उत्तर द्यायचो. आकडे गोळा करायला त्यांना आठवडाभर तरी लागेल आणि अपीलाला त्याहून जास्त, म्हणून आज रात्री जेवणं झाली की तिला लॅपटॉप घेऊन बसवा. उत्तरं आली की मला पाठवा, मी वाचीन.

तुमची,
ताई